खरवडलेल्या रेघेवरून

शनिवारी संध्याकाळी नळवाल्याचा फोन आला आणि सूनबाईच्या रविवारावर पाणी पडलं.

"कंबर धरलीये," तो कण्हत म्हणाला. "कोणाच्या तरी सिंकखाली दोन तास वाकून होतो. आता कूस बदलायचीसुद्धा चोरी. उद्याचं रद्द कर."

महिन्यातून दोन रविवार ती आणि नळवाला आपापल्या मोटारसायकली काढून डोंगरातल्या जंगलवाटा धुंडाळायला जायचे. पहाटे निघायचं, दिवस मावळायच्या आत डांबरी रस्त्याला लागायचं. नियम एकच होता आणि तो दोघांनी काळ्या दगडावरची रेघ मानला होता. जंगलात एकट्यानं शिरायचं नाही.

बाकीचे सहा दिवस ती दातांच्या लॅबमध्ये मान खाली घालून लोकांच्या कवळ्या घडवायची. प्लास्टरची पांढरी धूळ, वितळलेल्या मेणाचा वास, ग्राइंडरची किरकिर, आणि समोरच्या ट्रेमध्ये ओळीनं मांडलेले अनोळखी माणसांचे जबडे. केसाएवढा फरक झाला तरी कवळी परत यायची. सहा दिवस केसाएवढं जगलं की सातव्या दिवशी तिला डोंगराएवढं काहीतरी लागायचं.

नवऱ्याला विचारण्यात अर्थ नव्हता. तो शाळेत गणित शिकवायचा, माणूस सोन्यासारखा, पण पाळण्यात बसला तरी त्याला गरगरायचं.

ती जेवणाच्या टेबलापाशी फोनवर नकाशा उघडून नुसतीच बघत बसली. समोर सासूबाई मटार सोलत होत्या. सरकारी नकाशा कार्यालयातून त्या दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या होत्या. तेहतीस वर्षांतली बरीचशी तिरप्या टेबलावर वाकून, बारीक टाकानं नकाशे काढण्यात गेली होती. अजूनही त्या वर्तमानपत्राची घडी अशी घालायच्या की कडेला कड लागलीच पाहिजे. लग्नाला चार वर्षं झाली, पण दोघींचं कधी भांडण झालं नव्हतं. भांडायला लागतं तेवढं बोलणंच झालं नव्हतं.

"कुठे जाणार होतीस?" सासूबाईंनी विचारलं.

सूनबाईनं फोन पुढे केला. "इथे. ओढा ओलांडून वर एक वाट जाते. पुढे दरड आडवी आहे, तिथे संपते. मग परत फिरायचं."

सासूबाईंनी हात पुसले, चष्मा चढवला आणि फोन डोळ्यांजवळ नेला. वरून काढलेल्या फोटोत झाडांची हिरवी गोधडी तेवढी दिसत होती.

"ही वाट इथे संपत नाही," त्या म्हणाल्या.

"संपते, आई. मी दोनदा जाऊन आलेय."

"तू दरडीपर्यंत गेलीस. वाट खिंडीतून पलीकडच्या खोऱ्यात उतरते. पूर्वी लाकडाच्या गाड्या जायच्या. नकाशाचं हे पान मीच काढलंय." त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. "आणि ती वाट मीच पुसलीये."

मग मटारच्या शेंगा तशाच ठेवून त्यांनी सांगितलं. बावीस वर्षांपूर्वी नवे साहेब आले. त्यांनी फर्मान काढलं की जी वाट गेल्या दहा वर्षांत कोणी प्रत्यक्ष पाहिलेली नाही, ती नकाशावरून काढून टाका. या वाटेची नोंद करणारा मोजणीदार वारला होता. म्हणजे साक्षीदारच उरला नाही. शाई खोडरबरानं जात नाही, ब्लेडनं खरवडावी लागते. सासूबाईंनी ती तुटक रेघ टोकापासून टोकापर्यंत खरवडली.

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलणार? मी कुठे ती पाहिली होती? मी तर यातलं काहीच पाहिलेलं नाही. डोंगर सगळे टेबलावरच चढले." त्यांनी फोन परत दिला. "तुला उद्या सोबत हवी आहे ना? मी येते."

आतल्या खोलीतून पेपर तपासता तपासता नवरा ओरडला, "कोण कुठे येतंय?"

"तू तुझी बेरीज बघ," सासूबाई म्हणाल्या.

रात्री त्यानं पुष्कळ आदळआपट केली. आईचं वय काढलं, गुडघे काढले, बायकोची अक्कल काढली. सासूबाईंनी शांतपणे मटार डब्यात भरले आणि नळवाल्याच्या बायकोला फोन करून त्याचं हेल्मेट, गुडघ्याच्या ढाली आणि जॅकेट मागवून घेतलं.

पहाटे साडेपाचला दोघी निघाल्या. शहराचे शेवटचे दिवे मागे पडले, मग शेतं, मग लाकडाच्या वखारी. दोन तासांनी डांबर संपलं आणि वनखात्याचं फाटक आलं. तिथे सूनबाईनं दोन्ही चाकांतली थोडी हवा सोडली, म्हणजे टायर दगडांना धरून राहतो. फाटकावरचा वनरक्षक, डोक्याला टक्कल आणि पायाशी झोपाळू कुत्रा, वही घेऊन आला.

"कुठवर?"

"दरडीपर्यंत."

"पाचच्या आत फाटकावर या. नाही आलात तर मला माणसं गोळा करून वर यावं लागतं, आणि माझे गुडघे दुखतात."

"तुमच्या गुडघ्यांसाठी येऊ," सासूबाई म्हणाल्या. वहीत 'येण्याचं कारण' असा रकाना होता. त्यांनी छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं: तपासणी. वनरक्षकानं ते अक्षर पाहिलं आणि नकळत सरळ उभा राहिला.

सूनबाईनं शेवटच्या सूचना दिल्या. "मी उभी राहिले की तुम्हीही फूटरेस्टवर उभं राहायचं. मी जिकडे कलेन तिकडेच कलायचं. आणि भीती वाटली तर मला घट्ट मिठी मारा, हात मात्र धरू नका."

"चार वर्षांत मारली नाही, आता काय मारतेय," असं म्हणून सासूबाई मागे चढल्या. पहिल्याच चढाला गाडीनं दगडावरून उडी घेतली आणि त्यांनी सुनेला अशी मिठी मारली की तिचा श्वास कोंडला.

पण तीनचार वळणांतच त्यांना लय सापडली. सूनबाई उठली की त्या उठायच्या, कलली की कलायच्या. नळवाला कधी मागे बसला तर पिठाच्या पोत्यासारखा बसायचा. या बाईनं आयुष्यभर हात न हलू देता बारीक रेघा ओढल्या होत्या, तोल तिच्या हाडात होता. वाट उंच झाडांखालून वर चढत होती. नेच्याची पानं पायांना चाटून जात होती. वळणावळणावर उन्हाचे पट्टे अंगावर पडत आणि सरकत.

ओढ्यात मात्र घात झाला. सूनबाईनं पाण्याचा नेहमीचा उथळ भाग धरला, पण पुढचं चाक शेवाळलेल्या गोट्यावरून सरकलं आणि दोघी आडव्या झाल्या. गाडी बंद. एकदम शांतता. साठी ओलांडलेली सासू, मोडलेला हात, नवऱ्याचा चेहरा, सगळं सूनबाईला एका क्षणात दिसलं. ती धडपडत उठली. सासूबाई कमरेएवढ्या पाण्यात मांडी घालून बसल्या होत्या, चष्मा एका कानाला लटकत होता.

"आई! लागलं का?"

"आम्ही ओढे निळ्या शाईनं काढायचो," त्या पाण्याकडे बघत म्हणाल्या. "हा तर चहासारखा आहे."

आणि त्या हसायला लागल्या. असं हसणं त्या घरात सूनबाईनं ऐकलं नव्हतं. तिलाही हसू फुटलं, इतकं की गाडी उचलायला दोघींच्या अंगात त्राण राहिलं नाही. शेवटी उचलली, सायलेन्सरमधलं पाणी काढलं, पंधरा किका मारल्या, सोळाव्या किकेला इंजिन खोकत जागं झालं.

पुढे एक गंमत सुरू झाली. सासूबाई मागून कानाशी ओरडायच्या, "आता डावीकडे डोंगराची सोंड उतरेल!" आणि वळण घेतलं की सोंड यायची. "आता उजवीकडे खोल घळ, सांभाळ!" आणि पन्नास पावलांवर घळ आ वासून उभी असायची. सूनबाई तिसऱ्यांदा त्या वाटेवर होती, पण पुढे काय येणार हे तिच्या आधी त्या बाईला कळत होतं, जी तिथे जन्मात आली नव्हती.

"कसं काय आठवतं?"

"डोंगर म्हणजे सारख्या उंचीच्या रेषा. जवळजवळ आल्या की कडा, लांब गेल्या की पठार. एकेक रेष तीनदा गिरवायची. हात विसरत नाही."

दहाच्या सुमाराला दरड आली. घराएवढे दगड आणि त्यांत अडकलेली उन्मळलेली झाडं. इथूनच ती आणि नळवाला दोन्ही वेळी डबा खाऊन परत फिरले होते. सूनबाईनं गाडी लावली, अंडी सोलली, पाव काढला. सासूबाई काठी घेऊन केव्हाच उजवीकडच्या झाडीत शिरल्या होत्या.

"भरलेली गाडी असा खडा चढ चढत नाही," त्यांचा आवाज आला. "म्हणजे खरी वाट इकडून वळणं घेत गेली असणार. झाडांकडे बघ! वरची म्हातारी, खालची म्हातारी, आणि मधे ही एक पट्टी तरण्या झाडांची. सगळी एका वयाची!"

सूनबाई अंडं हातात घेऊनच पळत गेली. खरंच. बारीक खोडांची एक रांग डोंगराच्या अंगानं पट्ट्यासारखी वळत गेली होती, आणि खाली जमीन सपाट होती. डोंगरउतारावर जमीन आपोआप सपाट होत नाही. सासूबाईंनी काठीनं शेवाळं खरडलं. आत दगड. दगडावर दगड. सांधे जुळवून रचलेले.

"भिंत आहे," सूनबाई कुजबुजली. मग तिला राहवेना. "आई, भिंत आहे! रस्त्याची भिंत आहे!"

सासूबाईंनी हातमोजा काढून तळवा भिंतीवर ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला.

त्यानंतरचे अडीच तास म्हणजे नुसती धमाल होती. पहिल्या गिअरमध्ये, फांद्यांखालून माना वाकवत, पडलेल्या ओंडक्यांवरून पुढचं चाक उचलत त्या चालल्या. जिथे झाडं दाट होती तिथे सासूबाई उतरून पुढे व्हायच्या आणि काठीनं दाखवायच्या, इकडून, नाही नाही, इकडून. पानांचा खच इतका जाड की चाकांचा आवाज येत नव्हता. एका वळणावर सांबरासारखं काहीतरी मोठं धडधडत खाली गेलं आणि दोघी एकदमच "ओ हो हो!" ओरडल्या.

आणि मग वाटेचा तुकडाच गायब झाला. एक अरुंद नाळ रस्ता कापून गेली होती. जुनी मोरी केव्हाच वाहून गेलेली. अलीकडचा काठ दोन पुरुष खोल आणि उभा, पलीकडचा त्यामानानं मवाळ.

सूनबाईनं इंजिन बंद केलं. "झालं. इथून परत."

"का?"

"आई, एक वाजलाय. गाडी खाली उतरवली आणि पुढे रस्ता नसला, तर ती याच काठानं परत वर आणता येणार नाही. तुम्ही आज माझी जबाबदारी आहात."

"मी कोणाची जबाबदारी नाही. मी तुझी वाटाडी आहे." सासूबाईंनी समोर काठी रोखली. झाडांच्या शेंड्यांमधून डोंगराची कड दिसत होती आणि तिच्यात दोन दाढांच्या मधल्या फटीसारखी खिंड. "ती बघ. खिंडीपलीकडे रेषा विरळ आहेत. उतार इतका हलका की म्हैससुद्धा चालत जाईल."

"नक्की?"

"रेघ काढताना माणूस अर्धं लक्ष देतो, अगं. खरवडताना पूर्ण द्यावं लागतं. जराही शेजारच्या रेघेला धक्का लागता कामा नये. ती वाट मला माझ्या हातावरच्या रेषांपेक्षा जास्त पाठ आहे."

सूनबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. गालावर चिखल वाळलेला, केसांत काटक्या, आणि डोळे असे की शाळेच्या सहलीला निघालेल्या पोरीचे असावेत. तिनं पिशवीतून दोर काढला.

दोराचं एक टोक गाडीच्या मागच्या दांडीला बांधलं, दुसऱ्याचे एका जाड बुंध्याला दोन वेढे घेतले आणि मोकळं टोक सासूबाईंच्या हातात दिलं. "वेढे वजन पेलतील. तुम्ही फक्त हळूहळू सोडायचं. एकदम सोडलंत तर गाडी जाईल आणि गाडीबरोबर मी."

"एकदम सोडायची मला सवय नाही," सासूबाई म्हणाल्या.

सूनबाई हँडल धरून काठावरून उतरली. पायांखालची माती ढासळत होती, गाडीचं नाक सरळ खाली, आणि दोर बुंध्याला घासत करकर वाजत होता. वीतभर. थांबा. वीतभर. मधेच तिचा पाय सुटला, ती हँडलला लोंबकळली, आणि गाडी जागच्या जागी थांबली. तसूभरही हलली नाही. वर सासूबाई दोन्ही टाचा जमिनीत रोवून, ओठ घट्ट मिटून, झाडासारख्या उभ्या होत्या.

मग सासूबाईही दोराला धरून खाली उतरल्या. पलीकडे चढवताना सूनबाईनं इंजिन चालू करून गाडीच्या बाजूनं पळायचं आणि सासूबाईंनी मागून ढकलायचं असं ठरलं. गाडी गुरगुरली, चाक गरगर फिरलं, सासूबाई नखशिखांत चिखलानं माखल्या आणि पालथ्या पडल्या. पण गाडी वर होती. सासूबाई चारी पायांवर रांगत वर आल्या आणि म्हणाल्या, "दोनदा झालं. आता तिसऱ्यांदा नाही."

खिंडीत पोचल्या तेव्हा वारा तोंडावर आला. समोर अख्खं दुसरं खोरं उघडं पडलं होतं: कुरणं, मधोमध चकाकणारा तलाव, आणि खिंडीतून खाली झाडांमधून वळणं घेत उतरणारी वाट. गवतानं झाकलेली वाट नाही. चांगली मळलेली, पायांखाली घासून गुळगुळीत झालेली.

"आई," सूनबाई म्हणाली, "इथून कोणीतरी जातंय."

तेवढ्यात खालच्या वळणावर घंटा वाजली. एक खेचर वर येत होतं, दोन्ही बाजूंना मधाच्या रिकाम्या पेट्या लादलेलं, आणि मागे पन्नाशीचा एक मधवाला. त्यानं चिखलाच्या दोन बाया आणि चिखलाची एक मोटारसायकल पाहिली आणि तो जागीच थांबला.

"तुम्ही कुठून आलात?"

"पलीकडून," सासूबाईंनी मागे हात केला.

"पलीकडून रस्ताच नाही, काकू."

"आणि तुम्ही? तुम्ही इथून नेहमी येता?"

"मी? रोज. माझे वडीलही यायचे. खिंडीत फुलं चांगली असतात, पेट्या इथेच ठेवतो. का?"

सासूबाई खाली बसल्या. त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. चिखलावर त्या पाण्याचे दोन ओघळ उमटले. "दहा वर्षांत कोणी पाहिलेली नाही म्हणे," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "रोज! अगं, हा रोज येतो!" मधवाल्यानं सूनबाईकडे प्रश्नार्थक पाहिलं. ती सासूबाईंच्या शेजारी गवतात बसली आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला तो बराच वेळ सोडला नाही.

मग तिला वनरक्षक आठवला. साडेतीन होत आले होते. आल्या वाटेनं पाचच्या आत फाटक गाठणं अशक्य होतं, आणि तो बिचारा माणसं गोळा करायला लागला असता.

"फोन लागतो का इथे?"

"तलावाजवळ लागतो. तिथून डांबरी रस्ताही जवळ. चला, दाखवतो," मधवाला म्हणाला. पेट्या उतरवून ठेवून तो त्यांच्याबरोबरच खाली निघाला. उतार खरोखर हलका होता. म्हैस नाही तर खेचर तरी डुलत डुलत चाललं होतं, आणि गाडी इंजिन बंद ठेवून त्याच्यामागे घरंगळत होती.

तलावाचं पाणी मागे हटलं होतं आणि काठाला मैलभर सपाट, टणक गवताळ जमीन उघडी पडली होती. एका वठलेल्या झाडाच्या खोडावर उभं राहिलं की फोनला दोन काड्या मिळायच्या. सूनबाईनं फाटकावर फोन लावला.

"कुठून बोलताय?" वनरक्षक म्हणाला. "तलावावरून? कुठल्या तलावावरून?" तिनं सांगितलं. वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. "खिंडीतून? बावीस वर्षं मी या फाटकावर लोकांना सांगतोय की वर रस्ता नाही."

"रस्ता आहे. फक्त तुमची नाळ ओलांडायला दोर लागतो."

"वहीत काय लिहू?"

सूनबाईनं विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "लिहा, तपासणी पूर्ण." मग त्या गाडीभोवती एक चक्कर मारून आल्या, सीटवर हात फिरवला आणि सहज सांगावं तसं म्हणाल्या, "मला जरा पुढे बसू दे."

"आई, ही गिअरची आहे."

"दिसतंय मला. सकाळपासून तुझ्या खांद्यावरून बघतेय. डाव्या हातानं दाबायचं, डाव्या पायानं खाली, मग हळूच सोडायचं."

त्या हळूच सोडणार, याबद्दल सूनबाईला आता शंका नव्हती. गाडी एकदा बंद पडली, दुसऱ्यांदा आचका देऊन निघाली. ती शेजारून पळाली, मग सीट सोडली, मग मागे राहिली. चिखलानं माखलेलं ते जॅकेट तलावाच्या काठानं पहिल्या गिअरमध्ये फटफटत लांब जाऊ लागलं.

ती पुन्हा खोडावर चढली आणि नवऱ्याला फोन लावला. पहिल्याच घंटेला त्यानं उचलला.

"कुठे आहात? आई कशी आहे?"

"गाडी चालवतायत."

"कोण?"

"तुझी आई."

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. गणिताचा मास्तर सगळी उदाहरणं मनात सोडवून बघत असावा. मग त्यानं अगदी हळू विचारलं, "तू तिला गाडी सुरू करायला शिकवलंस. थांबवायला शिकवलंस का?"

सूनबाईनं मान वर केली. लांबवर सासूबाईंनी मोठं वळण घेतलं होतं आणि आता त्या सरळ खेचराच्या दिशेनं येत होत्या. तिनं फोन मधवाल्याच्या हातात कोंबला, खोडावरून उडी मारली आणि हात हलवत धावत सुटली.

"ब्रेक! आई, उजव्या हाताला! ब्रेक दाबा!"

"कळलाय मला ब्रेक!" असं ओरडून सासूबाई तिच्या शेजारून सुळकन निघून गेल्या, खेचराला झोकात वळसा घातला आणि दुसऱ्या फेरीला लागल्या.